चेतातंतूंची दुरुस्ती – लेखांक ६ : तीन महिन्यांचं बाळ आणि कोपर

प्रसूतीत बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, की हाताशी मिनिटंच उरतात. बाळाचा जीव वाचवायच्या त्या धावपळीत मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो. हा ताण येतो तो मानेतून हाताकडे जाणाऱ्या पाच चेतामुळांवर. हजार जन्मांमागे साधारण एखाद्या बाळाला ही इजा होते. बाळाचं वजन जास्त असेल, आईला मधुमेह असेल तर धोका वाढतो. त्यामुळे आईनं स्वतःला बोल लावून घेऊ नये आणि डॉक्टरांनाही लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये.

वरच्या दोन मुळांना मार बसला असेल तर हात अंगालगत सरळ लोंबतो, आत वळतो, मनगट मुडपलेलं राहतं. बोटं मात्र हलतात. पाचही मुळं दुखावली तर सगळा हात लुळा पडतो. त्यातच त्या बाजूची पापणी किंचित उतरलेली आणि बाहुली बारीक दिसली, तर खालचं मूळ मज्जारज्जूपासून उपटलं गेल्याची शंका बळावते.

अशा वेळी घरात हमखास ऐकू येतं, ‘होईल आपोआप, जरा मालिश करा.’ बहुतेक बाळांच्या बाबतीत ते खरंही ठरतं, कारण तंतू नुसते ताणलेले असतात, तुटलेले नसतात. पण ज्यांचे तुटले आहेत त्यांच्यासाठी हाच दिलासा घातक ठरतो. चेतातंतूंविना फार काळ राहिलेला स्नायू वाळतो, आणि दीड-दोन वर्षांनंतर त्याच्यापर्यंत तंतू पोचवूनही फारसं हाती लागत नाही.

मग थांबायचं किती? ग्लासगोच्या रॉबर्ट केनेडी यांनी १९०३ मध्येच अशा बाळांच्या चेतातंतूंना टाके घातल्याचं प्रसिद्ध केलं होतं. पण १९२५ मध्ये बोस्टनच्या जेम्स सीव्हर यांनी अकराशे रुग्णांचा अनुभव मांडून या शस्त्रक्रियेविरुद्ध कौल दिला आणि ती जवळपास अर्धशतक मागे पडली. सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया आल्यावर पॅरिसच्या अलँ गिल्बर्ट आणि तासाँ यांनी १९८४ मध्ये सोपी कसोटी दिली: तीन महिने झाले तरी दंडाचा बायसेप्स हलत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करा. टोरांटोच्या हॉवर्ड क्लार्क यांचं म्हणणं, एकट्या कोपरावरून निकाल देऊ नका. संशयातल्या मुलांना ते नवव्या महिन्यापर्यंत तपासत राहतात. मुलाचा दंड अंगाशी धरून ठेवायचा आणि हातात बिस्किट द्यायचं. मान फार न वाकवता ते तोंडापर्यंत नेता आलं, तर मूल पास.

तीन की नऊ, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. पालकांनी मात्र पहिल्याच महिन्यात बाळाला या विषयातल्या जाणकाराकडे न्यावं, असं मला कळकळीनं सांगायचंय. हात न हलण्यामागे कधी नुसतं हासळीचं हाड मोडलेलं असतं, तेही तिथेच कळतं.

शस्त्रक्रियेत हासळीच्या वर छेद घेतात. तुटलेल्या जागी वणाची टणक गाठ झालेली असते. विजेचा सौम्य झटका देऊन तिच्यातून किती संदेश पलीकडे जातो ते पाहतात आणि निकामी गाठ कापून काढतात. मधली फट भरायला पोटरीच्या मागची चेता घेतात. ती गेल्यानं पावलाच्या कडेला थोडी बधिरता येते, चालण्यात उणेपणा येत नाही. तिचे तुकडे शेजारी-शेजारी ठेवून केसाहून बारीक टाक्यांनी किंवा फायब्रिनच्या गोंदानं जोडतात. मूळच उपटलं असेल तर जोडायला टोकच नसतं. तेव्हा शेजारच्या धडधाकट चेतेचा काही भाग तिकडे वळवतात.

शस्त्रक्रियेनंतर लगेच हात हलत नाही. तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात, म्हणून कोपर वाकायला कित्येक महिने लागतात. तोवर आईवडिलांनी खांदा बाहेर वळवायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करून घ्यावेत. मालिशवाल्या बाईंना हात ओढू देऊ नये.

मोठ्या माणसाचे सगळे तंतू तुटले तर शल्यविशारद आधी कोपराकडे पाहतात, कारण पंज्यापर्यंतचं अंतर तंतूंना झेपत नाही. तान्ह्या बाळात तेच अंतर थोडं असतं. म्हणून पाचही मुळं गेलेल्या बाळात हाती असलेले चांगले तंतू आधी पंज्याकडे जोडतात, खांदा आणि कोपर त्यानंतर.

(पुढील लेखांकात : खांद्याचा सांधा)