एका पैशाचे वीस कोटी

गाड्या ओढण्यासाठी भारतीय रेल्वेला वर्षाकाठी 2,000 कोटी युनिटांहून अधिक वीज लागते. युनिटमागे दर एक पैशाने चढला, तर बिल किमान 20 कोटी रुपयांनी फुगते. बाजारातून केव्हाच हद्दपार झालेल्या पैशाला रेल्वेच्या खरेदीत एवढे मोल आहे. तिकीट पाच रुपयांनी महागले की देशभर चर्चा होते. या पैशाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही, याची खंत वाटते.

डिझेलचा हिशेब याहून दांडगा होता. दहा-बारा वर्षांपूर्वी निम्म्याहून अधिक मार्गांवर विजेच्या तारा नव्हत्या, तेव्हा रेल्वे वर्षाला 250 कोटी लिटरहून जास्त डिझेल जाळायची. जानेवारी 2013 मध्ये सरकारने घाऊक ग्राहकांना मिळणारी डिझेलवरची सवलत काढून घेतली आणि लिटरमागे दहा रुपयांच्या आसपास भाव चढला. म्हणजे वर्षाला सुमारे 2,500 कोटींचा बोजा, तोही एका आदेशाने.

दर ठरला तरी काम संपत नाही. इंजिन शेडच्या डेपोत टँकर आला की डिपची काठी टाकून पातळी बघतात, तापमान आणि घनताही तपासतात. डिझेल उन्हाने फुगते. 12,000 लिटरच्या टँकरमध्ये दहा अंशांच्या फरकाने जवळपास 100 लिटरचा फेर पडतो. म्हणून सगळे मोजमाप 15 अंश सेल्सिअसवर आणून मांडायचे. जनतेचा पैसा भर उन्हात असा काठीने मोजणाऱ्या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे.

आता रुळांखाली बघा. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण 1,660 स्लीपर, प्रत्येकाला रूळ धरून ठेवणाऱ्या चार पँड्रोल क्लिप. म्हणजे किलोमीटरला 6,640. मुंबई ते नागपूर हे अंतर 837 किलोमीटर. अप आणि डाऊन अशा दोनच रुळमार्गांना 1 कोटी 11 लाख क्लिप! मुठीत मावणारी ही पोलादी वस्तू गंजते, सैल होते, चोरीला जाते, आणि पुन्हा विकत घ्यावी लागते.

पुन्हा विजेकडे येऊ. तिच्या खरेदीतली मोठी उडी महाराष्ट्रातूनच झाली. 2015 मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या निर्णयानंतर रेल्वेने थेट उत्पादकांकडून वीज विकत घ्यायला सुरुवात केली. दाभोळच्या वीज प्रकल्पाशी 500 मेगावॉटचा करार झाला, युनिटला 4 रुपये 70 पैसे दराने. हा भार दिवसभर पूर्ण चालला तर 1 कोटी 20 लाख युनिट होतात. दरात रुपया वाचला की दिवसाला तेवढेच रुपये वाचतात. साहजिकच राज्यांच्या वीज कंपन्यांना एवढे मोठे गिऱ्हाईक सोडवेना. प्रकरण विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत गेले, आणि भांडणाच्या मुळाशी होता बाहेरून घेतलेल्या विजेवर युनिटमागे लागणारा अधिभार.