काढलेला भागही गाडीचाच

१९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जग्वार ई-टाइप अवतरली. तिच्या सुरुवातीच्या ३.८ लिटर गाड्यांमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचा वेग जुळवणारी सोय, नव्हता, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकताना दाते करकरत. आज डागडुजी करताना अनेक मालक हा मूळ गिअरबॉक्स उतरवून पाच गिअरचा नवा बसवतात. डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर येतो. गाडी चालवायला सोपी होते, पण तिची ओळख धोक्यात येऊ शकते.

कारण चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांना कारखान्याने स्वतंत्र क्रमांक दिले होते. ते जग्वारच्या जुन्या नोंदींशी जुळले, तर संग्राहक जास्त किंमत मोजतात. मूळ गिअरबॉक्स भंगारात गेला, की हा पुरावा कायमचा हरवतो.

मग बदल करूच नयेत का? तसे नाही.

जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. बदल शक्यतो पूर्ववत करता येण्याजोगे असावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबतच जपावेत, अशी तिची शिफारस आहे. म्हणून नवा भाग बसवताना मूळ पत्रा कापू नये. उतरवण्याआधी छायाचित्रे काढावीत, सुट्या भागांना चिठ्ठ्या लावाव्यात, धातूला तेलाचा हात द्यावा आणि गाडी विकताना ते सारे नव्या मालकाच्या स्वाधीन करावे.