प्राध्यापकाचे माप

धान्य मापायला पायली आहे. प्राध्यापकाचे काम कशाने मापावे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली त्यासाठी गुण ठरविले. शोधनिबंधाला गुण, परिषदेला गुण! मग काय, निबंध छापण्याची घाई सुटली. २०१८ च्या नियमांत अध्यापनाचा हिशेब सोपा केला : नेमलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक घेतले तर ‘चांगले’, ७० च्या खाली ‘असमाधानकारक’, मधले ‘समाधानकारक’. यात तास भरले हे कळते. मागच्या बाकावरच्या पोराला समजले का, हे कळत नाही. बढती मात्र अशाच मापांवर ठरते. माप हवेच, पण संस्थेने शिक्षकाला काय दिले, म्हणजे वेळेवर नेमणूक, प्रशिक्षण, अभ्यासाला रजा, तेही त्यालाच विचारून मापावे. एकाच बाजूने तोललेला तराजू खरा कसा?