अप्पा दोनदा निवृत्त झाले



मागच्या महिन्यात मिस्सा संपल्यावर आमच्या शेजारची एक बाई मला दाराशी थांबवून म्हणाली, "टीचर, ह्यांना काहीतरी काम द्या हो. घरी बसल्यापासून माझ्या डाळीत मीठ किती हे सांगायला लागलेत." तिचे यजमान त्रेपन्न वर्षांचे. कंपनीने चार पैसे हातावर ठेवून लवकर मोकळं केलं. पैशाची तशी ओढाताण नाही. पण सकाळी नऊ वाजले की माणूस पिंजऱ्यातल्या वाघासारखा हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल करतो.

मी हसले, आणि घरी आल्यावर मात्र गप्प बसून राहिले. मला आमचे अप्पा आठवले. माझ्या वडिलांना मी एकदा नाही, दोनदा निवृत्त होताना पाहिलं आहे. अशी माणसं आपल्या हैदराबादेत बरीच होती. आता त्यांची मुलंसुद्धा म्हातारी झाली, म्हणून हे लिहून ठेवावंसं वाटलं.

अप्पा मूळचे वैजापूर तालुक्यातले. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पोलिस ॲक्शननंतर, १९४९ साली, ते नोकरीसाठी हैदराबादला आले आणि एका सरकारी खात्यात नकाशे काढायला लागले. पुढे राज्य बदललं, आंध्र प्रदेश झाला, मराठवाडा तिकडे गेला. अप्पा मात्र काचीगुड्यातच राहिले. टेबल, टी-स्क्वेअर, निळी पेन्सिल आणि सव्वानऊची बस, हेच त्यांचं जग.

१९८३ च्या जानेवारीत एन. टी. रामाराव मुख्यमंत्री झाले. महिनाभरातच, ८ फेब्रुवारीला, हुकूम निघाला की सरकारी नोकरांचं निवृत्तीचं वय ५८ ऐवजी ५५. ज्यांची पंचावन्न आधीच पुरी झाली होती, त्यांनी २८ फेब्रुवारीला घरी जायचं. अप्पांना डिसेंबरात पंचावन्न पूर्ण झाली होती. म्हणजे हातात फक्त वीस दिवस. राज्यभरात १८ हजारांच्या वर सरकारी नोकर असे घरी गेले. सरकारचं म्हणणं, तरुणांना नोकऱ्या मिळाव्यात. ते काही अगदीच खोटं नव्हतं. आमच्याच गल्लीत डिग्री घेऊन ओट्यावर बसलेली चार मुलं होती. पण धाकट्या भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न, सगळं ५८ च्या हिशेबाने बांधलेलं होतं. तीन वर्षांचा पगार एकदम गेला.

राखेचा बुधवार होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. २८ तारखेला, सोमवारी, अप्पा हार घालून घरी आले. तो हार त्यांनी पवित्र मरियेच्या तसबिरीला घातला आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सव्वानऊला बस स्टॉपपर्यंत जाऊन परत आले. आईने विचारलं, "कुठं गेला होता?" तर म्हणाले, "पाय मोकळे करायला." असं आठवडाभर चाललं. १९ मार्चला संत योसेफाचा सण. गनफाउंड्रीच्या कॅथेड्रलचा तोच आश्रयदाता, म्हणून आम्ही दर वर्षी सगळे मिळून जायचो. त्या वर्षी अप्पा आले नाहीत. "लोक विचारतील," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी घर हातात घेतलं. वाचकहो, यातच खरी गंमत आहे आणि खरं दुखणंही. नकाशे काढणारा माणूस. त्यांनी आधी अख्ख्या घराचा नकाशा काढला. स्वयंपाकघरातल्या फळ्या "शास्त्रीय पद्धतीने" वर सरकवल्या. आईचा हात तिथे पोचेना. गच्चीची गळती बंद करायला अर्धी गच्ची उकरली. न्हाणीतली शहाबादी फरशी उपटली, ती परत सपाट बसेना. दिव्याचं बटण दुरुस्त करताना मेन स्विच बंद करायला विसरले आणि असा झटका बसला की स्टुलावरून खाली आले. देवाने वाचवलं. मे उजाडला तेव्हा घरात सात कामं उघडी पडली होती आणि एकही पुरं नव्हतं.

मी तेव्हा तेहतीस वर्षांची, धर्मग्रामाच्या शाळेत शिकवत होते. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. एका संध्याकाळी गेले तर आई चुलीपाशी डोळे पुसत होती. अप्पांनी तिला डब्यांवर नावं लिहून दिली होती, अनुक्रमांकासह. ती म्हणाली, "ह्यांचं ऑफिस सुटलं गं, पण माझं नाही सुटलं. आता माझ्या ऑफिसात साहेब येऊन बसलाय." हे वाक्य मी आजवर किती बायकांना सांगितलं असेल! प्रत्येकीने मान डोलावली.

मला काही सुचत नव्हतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि वर्गात एक बाक पाय मोडून पडला होता. तो मी रिक्षात घालून अप्पांकडे नेला. म्हटलं, "शाळा जूनमध्ये उघडते. त्याआधी होतो का बघा." त्यांनी खिळे ठोकून दिला. शाळा उघडली त्या दिवशी चौथीतली तीन पोरं त्यावर बसली आणि तिघंही खाली!

अप्पांना ते फार लागलं. पण त्यामुळेच ते जागे झाले. ते आमच्या मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, "मला शिकवा." पंचावन्न वर्षांचा माणूस, काल-परवापर्यंत ज्याला शिपाई पाणी आणून द्यायचा, तो भुशात मांडी घालून बसला. मिस्त्रीचाचांचं एक बोलणं अप्पा नेहमी सांगत: "साब, लकडीसे लडना नक्को. वो जिधर जाना बोलरी, उधरीच रंधा मारो." म्हणजे लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा मारला की ते फाटतं, रेषेबरोबर मारला की गुळगुळीत निघतं.

जुमेरात बाजारातून त्यांनी जुना रंधा, दोन पटाश्या आणि एक गुण्या आणला. खिळ्याने जोडलेला पाय हलतो. लाकडाला खाच पाडून, दुसऱ्याला जीभ करून, सरस लावून, रात्रभर आवळून ठेवलं तर तो हलत नाही, हे ते शिकले. शिकायला तीन महिने लागले. पहिल्या महिन्यात नुसतं हत्याराला धार लावणं. नाताळपर्यंत शाळेचे चौदा बाक नीट झाले. त्या वर्षीची गव्हाणही त्यांनीच केली, खोक्याच्या फळ्यांची. आणि हो, स्वयंपाकघरातल्या फळ्या खाली आल्या, आईने सांगितलेल्या उंचीवर. बाकीची सहा कामं त्यांनी एकेक करून पुरी केली. गच्चीला मात्र गवंडी बोलावला. आपल्याला काय येत नाही हे कळणं, हेसुद्धा शिक्षणच.

इकडे कोर्टात खटले चालूच होते. १९८४ च्या ऑगस्टमध्ये वय पुन्हा ५८ झालं, पण आधीच घरी गेलेल्यांना त्याचा लाभ नव्हता. १९८५ च्या जानेवारीत सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने ५५ चा हुकूम वैध ठरवला. अप्पा म्हणाले, "संपलं." पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा दुसरा निकाल आला, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाचा. मधल्या काळात घरी पाठवलेल्यांपैकी ज्यांची ५८ अजून भरली नाहीत, त्यांना परत घ्या, असा. अप्पांना चारेक महिने उरले होते.

घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, "जा, हक्क आहे." आई म्हणाली, "आता कुठं माझी डाळ सुखाने शिजतेय, जा म्हणणार नाही आणि नको म्हणणार नाही." अप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट काढला.

संध्याकाळी आले तेव्हा मी मुद्दाम तिथे बसले होते. ते म्हणाले, "माझ्या टेबलावर एक पोरगा बसला होता. मला बघून उठला, घाबरून गेला बिचारा. बापाच्या जागी मी, आणि त्याला वाटलं की ह्याची नोकरी मी घ्यायला आलो." मग जरा थांबून: "मी म्हटलं, बस बाळा. मला बाजूला एक स्टूल दे." ते उरलेले महिने अप्पांनी त्या मुलाला जमिनीचा चढउतार नकाशावर कसा दाखवायचा ते शिकवण्यात घालवले. हातात धरलेलं सोडताना ते कुणाच्या तरी हातात द्यायचं असतं, हे पहिल्या वेळेला कुणी त्यांना करूच दिलं नव्हतं.

३१ डिसेंबर १९८५ ला ते दुसऱ्यांदा निवृत्त झाले. पुन्हा हार. घरी आले, शर्ट खुंटीला लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "सरस वाळला का गं?" सकाळी जाताना एक खुर्ची आवळून ठेवून गेले होते. मग सगळ्यांबरोबर पोटभर जेवले आणि रात्री वर्षअखेरच्या मिस्सेला आले.

मला वाटायचं, हे सगळं बघितल्यामुळे मी तरी शहाणी झाले. कसली! २००८ साली मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळा सोडली आणि पहिल्याच आठवड्यात सुनेच्या स्वयंपाकघरात डब्यांवर नावं लिहायला घेतली. सून काही बोलली नाही. तिने फक्त खडू माझ्या हातून काढून घेतला. तेव्हा मला आईचा चेहरा दिसला आणि मी खाली बसून हसले. मग अप्पांचीच रीत धरली. त्यात नवीन काही नाही. एका वेळी एकच काम उघडायचं, ते पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. येत नसेल तर आपल्यापेक्षा लहान-मोठा न बघता शिकायचं. कामाची वेळ ठरवायची आणि ती संपली की हत्यारं आवरायची. घरच्यांच्या कामात शिरायचं ते त्यांना विचारून. आणि निदान एक काम तरी घराबाहेरच्या कुणासाठी करायचं. नाहीतर आपण नुसता वेळ घालवतो आणि आपल्यालाही ते कळतं. विजेचं काम वायरमनला द्यावं, हे वेगळं सांगायला नको.

निवृत्तीचं वय आता तेलंगणात ६१ झालं आहे, २०२१ पासून. पण दुसरीकडे माणसं लवकर घरी येत आहेत. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधले ७८ हजारांहून जास्त लोक एकाच दिवशी स्वेच्छेने निवृत्त झाले, सगळे पन्नाशीचे आणि त्यापुढचे. खाजगी कंपन्यांत तर विचारायलाच नको. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही पद सोडलं ते २८ फेब्रुवारीलाच, २०१३ साली. टीव्हीवर ते हेलिकॉप्टर बघताना मला आमच्या अप्पांचा २८ फेब्रुवारी आठवला होता. पद मोठं असो की लहान, दुसऱ्या दिवशीची सकाळ सगळ्यांना सारखीच उजाडते. आपला प्रभूही तीस वर्षं नाझरेथात घरी होता, सुताराच्या घरी. त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानात फारसं काही लिहिलेलं नाही, म्हणून ती वाया गेली असं आपण म्हणतो का?

अप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. रंधा माझ्याकडे होता. मागच्या आठवड्यात मी तो शेजारच्या त्या गृहस्थांना नेऊन दिला, आणि बरोबर आमच्या शाळेचा पाय मोडलेला एक बाकही. ते म्हणाले, "टीचर, मला यातलं काही येत नाही." मी म्हटलं, "छान. तिथूनच सुरुवात करा. खिळे मात्र ठोकू नका."

काल त्यांची बायको भेटली. बाक अजून हलतो म्हणाली. पण डाळीत मीठ किती, हे आता कुणी विचारत नाही.

तुमच्या धर्मग्रामाच्या शाळेतही मोडके बाक असतीलच. जरा विचारून बघा.