मुक्या सोबत्यांचं आरोग्य – लेखांक ९ : खुब्याचं दुखणं

लॅब्रॅडॉरचं किंवा जर्मन शेफर्डचं सात-आठ महिन्यांचं पिल्लू पळताना मागून पाहा. मागचे पाय एकाआड एक न टाकता ते जोडीनं उचलून उड्या मारत जात असेल, तर घरच्यांना त्याचं कौतुक वाटतं. पशुवैद्याला मात्र खुब्याची शंका येते. त्यात ते बसताना एका बाजूला कलत असेल, उठायला वेळ लावत असेल, गाडीत चढायचं म्हटलं की मागे सरत असेल, तर शंका पक्की होत जाते. या दुखण्याचं नाव हिप डिसप्लेसिया.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातल्या खोबणीत घट्ट बसलेला असतो. ज्यांना पुढे हा आजार होतो, त्या पिल्लांचेही खुबे जन्मतः बहुधा ठीकच असतात. बिघाड सुरू होतो तो पुढच्या काही आठवड्यांत. सांधा धरून ठेवणारे बंध सैल राहतात, माथा खोबणीत डळमळतो आणि कोवळं हाड त्या डळमळीतच वाढत जातं. खोबण उथळ राहते, माथा चपटा होतो, कूर्चा झिजते आणि शेवटी संधिवात येतो. कुत्र्यांमधल्या या आजाराचं वर्णन अमेरिकेत १९३५ साली झालं. तेव्हापासून एक गोष्ट स्पष्ट होत गेली आहे: तो आनुवंशिक असला, तरी त्यामागे एकच एक जनुक नाही. आई-बाप निर्दोष असूनही पिल्लाला तो होऊ शकतो. आणि खुबा सैल होण्याची प्रवृत्ती घेऊन जन्मलेल्या पिल्लाचं पुढे कितपत बिघडेल, हे बऱ्याच अंशी घरात ठरतं.

या आजाराची चाल फसवी आहे. पाचव्या महिन्यापासून वर्षाच्या आत पिल्लू लंगडतं, कारण सांधा सैल असतो. मग सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, डळमळ कमी होते आणि दीड-दोन वर्षांचं कुत्रं छान पळायला लागतं. घरच्यांना वाटतं, गेलं दुखणं. पथ्य सुटतं, वजन वाढतं. सहा-सात वर्षांनी तेच कुत्रं थंडीच्या सकाळी उठेनासं होतं, तेव्हा सगळे म्हणतात, वय झालं. मधली ती बरी वर्षं हीच खरी काळजी घ्यायची वर्षं असतात.

एक्स-रे पाहून घाबरून जाऊ नका. फिल्मवर वाईट दिसणारा खुबा घेऊन मजेत जगणारी कुत्री असतात आणि फिल्मवर थोडकाच दोष असूनही बेजार झालेलीही असतात. उपचार कुत्र्याची चाल आणि वेदना पाहून ठरवायचे असतात.

या आजारात सगळ्यात मोठं औषध कुठलं, असं मला कुणी विचारलं, तर मी एकच सांगेन: वजन. हे सांगायला भक्कम आधार आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या २४ जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास केला गेला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं मिळायचं. अन्न तेच, फक्त माप कमी. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोटभर खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान ११.२ वर्षं भरलं, कमी खाणाऱ्यांचं १३ वर्षं. खुब्याचा फरक तर याहून मोठा होता. एक्स-रेवर संधिवात दिसायचं मध्यक वय पहिल्या गटात ६ वर्षं होतं, दुसऱ्यात १२. कुठल्याही गोळीनं किंवा इंजेक्शननं सहा वर्षं मिळवून दिल्याचं मला माहीत नाही.

आपल्या घरांमध्ये कुत्र्याचं पोट कुणी एकजण भरत नाही. सकाळी चहाबरोबर आजोबा दोन बिस्किटं देतात. डब्याच्या गडबडीत पोळीचा तुकडा खाली जातो. दुपारी आजी दहीभात कालवते, तोही मायेनं जरा जास्तच. संध्याकाळी मुलं ट्रीट देतात. आणि वाडगं दोन वेळा भरलं जातं ते वेगळंच. विचारलं तर प्रत्येकजण प्रामाणिकपणे सांगतो, ‘मी काही फार देत नाही हो!’ त्यावर उपाय साधा आहे. दिवसभराचं सगळं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढायचं आणि कुणालाही काही द्यायचं झालं तर त्याच डब्यातून द्यायचं. डबा संपला की दिवस संपला.

वजन योग्य आहे का, हे काटा नसतानाही कळतं. डाव्या हाताची मूठ वळा आणि पेरांवरून उजव्या हाताची बोटं फिरवा. बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रं फार बारीक आहे. आता मूठ उघडा, पंजा पालथा घाला आणि बोटांमागच्या हाडांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला अशा लागायला हव्यात. हात उलटून तळवा चाचपा. बरगड्या तळव्यासारख्या मऊ, दबलेल्या लागत असतील, तर वजन उतरवायला हवं. आठवड्याला १ ते २ टक्के घट सुरक्षित असते. संधिवात झालेल्या लठ्ठ कुत्र्यांचं वजन ६ टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी लंगडणं कमी झाल्याचं दिसलं आहे. ४० किलोच्या कुत्र्याला हे फक्त अडीच किलो झाले.

मोठ्या जातीचं पिल्लू आणलं की कॅल्शियमची बाटलीही आणायची, ही पद्धत मात्र थांबायला हवी. या जातींच्या पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात ते पुरेसं असतं. वरून पाजलेलं जादा कॅल्शियम लहान पिल्लाचं आतडं अडवू शकत नाही आणि वाढत्या हाडांचं नुकसान होतं. घरचंच जेवण देत असाल, तर हिशेब पशुवैद्याकडून करून घ्या, अंदाजानं नको.

दुसरा शत्रू पायाखाली आहे. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवरून कुत्रं उठताना पाहा. पुढचे पाय रोवले जातात, मागचे बाहेर सरकतात, एकदा, दोनदा, आणि मग ते पुन्हा बसून घेतं. प्रत्येक घसरणीला सैल सांध्याला हिसका बसतो. नुसती सतरंजी टाकली तर ती कुत्र्यासकट सरकते. खाली रबर असलेल्या पट्ट्या किंवा योगा मॅट हव्यात, निदान झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत. नखं वेळेवर कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस कातरा. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांच्या आत जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांमध्ये हा आजार जास्त आढळला. मऊ जमिनीवर मोकळं हुंदडायला मिळालेल्यांमध्ये कमी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल, तर तेवढे दिवस पिल्लाला उचलून न्या आणि मातीवर, गवतावर सोडा.

मोठ्या कुत्र्याला फिरवणं बंद करायचं नाही. स्नायू टिकले तरच सांधा टिकतो. रोज दोन-तीनदा थोडं थोडं, साखळी धरून चालवा. आठवडाभर फ्लॅटमध्ये आणि रविवारी एकदम सिंहगड, हे नको. चेंडू फेकून पळवणंही नको, त्यात गर्रकन वळावं लागतं. पोहणं उत्तम.

घरातल्या औषधांच्या डब्यातली वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. (जनावरांच्या शरीरात राहिलेल्या याच डायक्लोफेनॅकनं आपली गिधाडं संपत आली, म्हणून २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.) कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅमसुद्धा पशुवैद्यानं वजनावर ठरवलेल्या मात्रेतच, आणि जास्त दिवस चालू राहणार असेल तर रक्त तपासत. ग्लुकोसामाइनच्या पावडरींवर लोक भरपूर खर्च करतात, पण त्यांचे पुरावे तोकडे आहेत. ओमेगा-३ असलेल्या माशाच्या तेलाचे बरे.

शस्त्रक्रियेचे मार्ग आहेत, पण त्यांना वयाची अट असते. कटीच्या हाडाची वाढ वळवणारी छोटी शस्त्रक्रिया साडेचार-पाच महिन्यांच्या आतच करता येते. हाड कापून खोबणीचा कल बदलायचा, तर साधारण दहा महिन्यांच्या आत, संधिवात सुरू होण्याआधी. पुढे उरतं ते मांडीच्या हाडाचा माथा काढून टाकणं, जे हलक्या कुत्र्यांना जास्त मानवतं, किंवा महागडं खुबाबदल. सांध्याची सैलता मोजणारा पेनहिप पद्धतीचा एक्स-रे १६ आठवड्यांच्या वयापासून काढता येतो. साधारण त्याच सुमारास पिल्लाच्या पहिल्या लसमालिकेची शेवटची भेट असते. मोठ्या जातीचं पिल्लू असेल, तर त्या भेटीत डॉक्टरांना खुबे हातानं तपासायला सांगा आणि एक्स-रे लागेल का, हेही तेव्हाच विचारा.