पिवळ्या खांद्याचा टोमॅटो

नसरापूरच्या आठवडे बाजारातून आणलेल्या टोमॅटोंपैकी एक चार दिवस ओट्यावर ठेवला होता. खालून लालभडक, वर देठाभोवती मात्र बोटभर रुंदीचं पिवळं कडं. विकणाऱ्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "पॉलिहाऊसमधला माल हाये ताई, उन्हाळ्यात खांदा असाच ऱ्हातो. घरी ठिवा, हुईल लाल." ठेवला. खालचा भाग मऊ पडला, कडं होतं तिथंच. शेवटी विळीवर आडवा चिरला. कड्याखालचा गर पांढरट आणि टणक, कच्च्या पपईसारखा. त्याखाली मिठाचा कण टाकून तसाच खावा असा रसाळ लाल. एकाच सालीत कच्चं आणि पिकलं शेजारी-शेजारी.

आपण लाल म्हणजे पिकलेला, असा हिशेब धरतो. टोमॅटोच्या लेखी ही दोन वेगळी कामं आहेत.

भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात पेंढ्याला तोटा नाही, त्यामुळे आंब्याची आढी कशी घालतात हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. एक आंबा पिकायला लागला की शेजारचेही मागोमाग पिकतात. त्यांना हा निरोप देतो तो इथिलीन नावाचा वायू. रशियातल्या नेल्युबॉव्हने १९०१ साली दाखवलं, की प्रयोगशाळेतल्या दिव्याच्या गॅसमधला इथिलीन वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढवतो. फळ स्वतःच हा वायू तयार करतं, याचा पुरावा इंग्लंडमधल्या गेनने १९३४ साली सफरचंदावरून दिला. टोमॅटोही त्याच जातकुळीतला. इथिलीनचा हुकूम सुटला की कामं सुरू होतात: पेशींच्या भिंती सैल करणं, आंबटपणा उतरवणं, वास भरणं, हिरवा रंग मोडून लाल भरणं. प्रत्येक कामाची विकरं निराळी. बाकीची मंडळी उन्हातान्हात रेटून काम करतात. रंगारी मात्र भलताच नाजूक.

टोमॅटोचा लाल रंग म्हणजे लायकोपिन, ४० कार्बन अणूंची लांब साखळी. ती मनासारखी गुंफली जाते साधारण २० ते २५ अंशांत. पारा ३० च्या वर गेला की गुंफण मंदावते, आणखी चढला की जवळजवळ थांबते. गंमत अशी, की पिवळ्या-नारिंगी कॅरोटिनचं काम त्या उन्हातही चालू राहतं. म्हणून फळ मऊ पडतं, वासालाही येतं, पण रंगाने पिवळट-नारिंगी राहतं. थंडीचीही तीच तऱ्हा. १०-१२ अंशांच्या खाली लाल रंग धरतच नाही.

आता एप्रिलमधलं पॉलिहाऊस डोळ्यांसमोर आणा. वर प्लॅस्टिक, वारा जेमतेम. दुपारी आत पाऊल टाकलं की चष्मा धुरकटतो आणि सदरा पाठीला चिकटतो. पण तिथे टांगलेला तापमापक सांगतो ते हवेचं तापमान. थेट ऊन खाणारं फळ त्याहूनही कितीतरी अंशांनी तापलेलं असतं. आणि फळाचा सर्वात वरचा, उन्हाला तोंड देणारा भाग कोणता? देठाजवळचा खांदा. म्हणजे माझ्या ओट्यावरचं ते पिवळं कडं ही उन्हाचीच नोंद होती. हे कळल्यावर मी तो चिरलेला टोमॅटो बराच वेळ नुसता हातात धरून बसले. फळ स्वच्छ दिसावं, हवा खेळावी म्हणून हौसेने जास्त पानं छाटली, तर हीच नोंद आणखी ठळक उमटते. फळाची छत्री आपणच काढून घेतलेली असते.

खांद्याचा दोष एकट्या उन्हाच्या माथी मारणंही बरोबर नाही. पालाश कमी पडलं तरी रंग डागाडागांनी भरतो. शिवाय भोर-वेल्ह्याच्या पावसाळ्यात उलटंच घडू शकतं: आठवडाभर सूर्य नाही, प्लॅस्टिकखाली उजेड आणखी कमी, आणि फळ लाल-हिरव्या चट्ट्यांचं. ढग आणि ऊन, दोघंही एकाच फळावर आपापली सही करून जातात.

बरं, खांदा गडद हिरवा असणं हे मुळात वाईट नव्हेच. गावठी टोमॅटोचे खांदे असेच असतात. सगळं फळ एकसारखं फिकट हिरवं आणि मग एकसारखं लाल व्हावं म्हणून गेल्या शतकात पैदासकारांनी एक बदललेला जनुक जवळपास सगळ्या बाजारू वाणांत आणला. २०१२ साली 'सायन्स'मध्ये एका संशोधक गटाने दाखवलं, की याच बदलामुळे फळातली हरितलवकं घटतात आणि फळाने स्वतः तयार केलेली साखरही. पेटीत देखणं दिसण्यासाठी टोमॅटोने गोडी गहाण टाकली. मला तरी हा सौदा महागच वाटतो.

मग एवढा उपद्व्याप करून टोमॅटो झाकायचा तरी कशाला? २०२० च्या उन्हाळ्यात नगर, पुणे, सातारा भागांतल्या शेतकऱ्यांना विचारा. उघड्या रानातले टोमॅटो लाल, पिवळे, हिरवे असे ठिगळाठिगळांनी पिकले आणि लोकांनी त्या रोगाला 'तिरंगा' असं नाव दिलं. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेच्या तपासणीत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. हा विषाणू पसरवतो मावा. एका झाडाचा रस चोखायचा, दुसऱ्यावर जाऊन सोंड टोचायची, की झालं. माव्याला अडवायचं तर बारीक जाळी हवी. जाळी जेवढी बारीक तेवढा वारा कमी, आणि वारा कमी तेवढी आत धग जास्त. एका तिरंग्यापासून वाचवायला गेलं तर दुसऱ्याला आवतण.

जाणते लोक म्हणून दुपारी बाजूचे पडदे गुंडाळतात, वर सावलीची जाळी ओढतात आणि फळाला जेमतेम गुलाबी झाक आली की तोडा करतात. कारण उकाड्याने थांबलेला रंगारी मेलेला नसतो. सावलीत, गारव्यात नेलं की तो उरलेलं काम हातात घेतो. मात्र टणक पडलेला खांदा गेला तो गेलाच.

मावशींचं बोलणं त्यामुळे अर्धं खरं होतं. त्याच पिशवीतला एक जेमतेम गुलाबी टोमॅटो मी माठाच्या ओल्या फडक्याशेजारी ठेवला होता. पाचव्या दिवशी तो अंगभर लाल झाला. कड्याचा मात्र आमटीत गेला, आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांनंतरही खांद्याचा तुकडा दाताखाली करकरलाच.