रस्ता रुंदावतो, तेव्हा आवाज कसा मोजतात?

माझी व्हडलीमाय पेडणे तालुक्यात, धारगळला राहते. घर महामार्गापासून फार लांब नाही. संध्याकाळी तेर्स म्हणताना ती आता खिडक्या लावून घेते. "आदीं इतलो आवाज नासलो गो," म्हणते. तिचं खरंच आहे. पण ते कागदावर दाखवायचं कसं? म्हणून साहित्याची विद्यार्थिनी असूनही मी डेसिबलच्या मागे लागले.

पत्रादेवी ते कोलवाळ पूल हा राष्ट्रीय महामार्ग ६६ चा (जुना १७) भाग. त्याचं चौपदरीकरण झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून मोपावरून विमानंही उडू लागली. रहदारी वाढणारच. प्रश्न असा, की आवाज किती वाढतो?

डेसिबलचं गणित साधी बेरीज नसतं. वाहनं दुप्पट झाली तर आवाज साधारण ३ डेसिबलने वाढतो. रस्त्याची कड घरापासून २० मीटरवरून १० मीटरवर आली, तर आणखी सुमारे ३. आकडा लहान वाटतो. पण १० डेसिबल वाढले, की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. शिवाय एक अवजड ट्रक अनेक मोटारींएवढा गोंगाट करतो. डिचोलीत खनिजाचे ट्रक पाहिलेल्यांना हे सांगायला नको!

मूल्यमापनाची रीत अशी: आधी रस्त्याकाठची घरं, शाळा, दवाखाने नकाशावर मांडायचे. मग काम सुरू होण्याआधी २४ तास आवाज मोजायचा. त्यानंतर वाहनांची संख्या, वेग, ट्रकांचं प्रमाण आणि अंतर यांवरून पुढच्या वर्षांचा अंदाज काढायचा. शेवटी तो मर्यादेशी ताडून पाहायचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

आपल्याकडे हॉर्नही धरावा लागतो. सरासरीत तो लपतो, पण मध्यरात्री झोप मोडतो तोच.

उपायांबद्दल एक गैरसमज आहे. झाडांची एक ओळ डोळ्यांना बरी वाटते, पण आवाज फारसा अडवत नाही. भक्कम भिंत अडवते. मात्र घरातून रस्ता दिसेनासा होईल इतकी ती उंच हवी, आणि मध्ये फटी नकोत. वाटेसाठी भिंत तोडली, की तिथूनच आवाज आत येतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे आधीचं मोजमाप. ते नसेल तर नंतर मोजून 'आवाज जास्त आहे' एवढंच कळतं. 'रस्त्यामुळे किती वाढला' हे सिद्ध करता येत नाही. व्हडलीमायकडे आठवण आहे, आकडा नाही. म्हणून तुमच्या गावात रुंदीकरणाची आखणी सुरू झाली, तर ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारा: आजचा आवाज कुणी, कुठे आणि रात्री मोजला का?